मिरच्या किती, माणसं किती

आगगाडी बडनेऱ्याला आली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, अमरावतीच्या कापूसबाजारातल्या एका पेढीचा पारखी हातातला कापूस ढिगावर टाकून उठला, "येतो" एवढंच म्हणाला आणि पायी बडनेऱ्याला गेला. तिथून तो मुंबईच्या गाडीत बसला. त्याच्याजवळ एक घोंगडी, एक तांब्या आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या मूठभर हिरव्या मिरच्या होत्या. बडनेऱ्यापर्यंत मी त्याच्याबरोबर चाललो होतो, म्हणून ही यादी खात्रीची आहे.

बाजारात त्याला मोरसवाला म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस बेट. तिथून येणारी पांढरी साखर ती मोरस साखर, आणि तिथून आलेला हा एकच माणूस तो मोरसवाला. मूळचा भातकुलीकडचा. तरुणपणी कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईला गेला, धक्क्यावर एका मुकादमाच्या बोलण्यात आला आणि बोटीवर चढला. चौदा वर्षं उसाच्या मळ्यात राहिला. कोकणातली माणसं त्या बेटावर गेल्याचं पुष्कळांनी ऐकलं होतं. वऱ्हाडातून गेलेला दुसरा कोणी मला माहीत नाही.

मी त्या पेढीवर पत्रं लिहायला होतो. मुंबईच्या एका वर्तमानपत्राला दर आठवड्याला बाजाराची हकिगतही लिहून पाठवत असे. अमेरिकेत लढाई चालू होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता, आणि तेवढ्या एका कारणाने अमरावतीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. हंगामात गाड्यांची रांग परकोटाच्या दरवाजाबाहेर दूरवर जाई. श्वास घेतला की नाकात कापूस जाई आणि भाकरी मोडली की तिच्यातही तंतू निघे.

कापसात ओल किती आहे हे मोरसवाला ओठावरून सांगे. कापसावर पाणी मारून तो जड करण्याची खोड त्या वर्षांत फार वाढली होती. इतर पारखी कापूस मुठीत दाबत, सोडत आणि तो किती फुगतो ते पाहत. हा कोपरापर्यंत हात खुपसून तळातला चिमूटभर कापूस काढी, डोळे मिटी आणि तो खालच्या ओठाला लावी. मग निकाल देई. "कोरडा हाय." किंवा, "हा न्हाऊन आला. अंग पुसलं नाई त्यानं."

त्याच्या तिखट खाण्याची बाजारात चर्चा होती. एकदा शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मोरसवाले, तुमच्या त्या मिरचीनं तुमचा ओठ कधीच जळून गेला. आता तुम्ही अंदाजानं सांगता."

त्याने कमरेच्या गाठीतून एक मिरची काढली. ती बोटाच्या पेराएवढी असे. बिया त्याने बेटावरून आणल्या होत्या. त्या जातीची मिरची झाडावर खाली लोंबत नाही, आभाळाकडे तोंड करून उभी राहते. ती त्याने देठासकट चावून खाल्ली आणि म्हणाला, "आता लावा ढीग."

दिवाणजींनी आतल्या खोलीत सात ढीग लावले. एकावर ओला हात फिरवला. मोरसवाला सातही ढिगांवरून गेला.

"शेठ, दोन हायेत."

"एकच आहे," दिवाणजी म्हणाले.

"दोन हायेत."

दुसरा ढीग उचलला तेव्हा त्याच्याखालची फरशी ओली निघाली. पलीकडे पाण्याचा माठ पाझरत होता.

"मिरचीनं ओठ जागा होते, शेठ," तो म्हणाला. "झोपते तो गोडानं."

रविवारी दुपारी तो बाजारात नसे. सरकारी कचेरी सोडली तर हंगामात रविवार कोणी पाळत नव्हतं. पण मळ्यावर रविवारी सुट्टी असे आणि ती सवय त्याने सोडली नव्हती. त्या दुपारी तो स्वयंपाक करी. परकोटाबाहेर नाल्याकडच्या अंगाला त्याच्या कुडाच्या दोन खोल्या होत्या. तीन हंगामांत मी त्याची चूल पाच ठिकाणी पाहिली: आतल्या खोलीत, बाहेरच्या खोलीत, ओसरीवर, पिंपळाखाली आणि पुन्हा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. बेटावर त्याची बायको वाऱ्याकडे तोंड करून रांधत असे, की पाठ करून, हे त्याला आठवत नव्हतं.

आठवत नसे असं पुष्कळ होतं. चौदा वर्षांत त्याने तिथे एकदाही चूल पेटवली नव्हती. त्याने फक्त खाल्लं होतं. आता तो त्या खाण्याच्या आठवणीवरून उलटा चालत स्वयंपाकापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करीत होता.

मासा हळद, मोहरी आणि लसूण वाटून माखायचा, नारळाच्या दुधात चिंच घालून शिजवायचा आणि वर ती मिरची, असा तो मुख्य पदार्थ होता. त्यात एक लाल, रसाळ, आंबट फळ पडे. त्याचं वर्णन त्याने भाजीबाजारातल्या बागवान चाचांना इतक्या वेळा केलं होतं की चाचा दर आठवड्याला काहीतरी लाल आणून ठेवत. एकदा डाळिंब आणलं. एकदा पिकलेली बोरं. "ये लाल है, ये आंबट है, अब और क्या चाहिए जी तुमको?" चाचा विचारत. शेवटी त्यांनी अंबाडीची लाल बोंडं दिली. ती त्याने घातली, चाखली आणि पहिल्यांदा होकारार्थी मान हलवली. तेव्हापासून अंबाडीच राहिली.

पालेभाजीला तो ब्रेद म्हणे. भोपळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, अंबाडी, सगळं ब्रेद. "चाचा, ब्रेद आणली काय?" हे त्याचं ओरडणं गल्लीत पाठ झालं होतं. मी अमरावती सोडली तोपर्यंत त्या गल्लीतल्या दोन भाजीवाल्याही भाजीला ब्रेद म्हणू लागल्या होत्या. वाढायच्या वेळी तो "मांझे!" असं ओरडे. म्हणजे जेवा. ओरडायला समोर बहुधा कोणी नसे.

तो बसून खात नसे. वाटी हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घाली. एक घास, चार पावलं, मग पुन्हा घास. मी एकदा कारण विचारलं.

"बसून खाल्लं तर पाहुण्यावानी वाटते," तो म्हणाला. "मी कुठं पाहुणा हावो, हेच समजून नाई राहिलं."

हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते बाजारात थोड्यांनाच माहीत होतं. त्याची बायको त्या बेटावरच जन्मलेली. तिचे आईबाप मद्रासकडचे. त्यांना एक मुलगी होती. भाऊ वारल्याचं कळलं तेव्हा तो "एक हंगाम पाहून येतो" असं सांगून इकडे आला. शेत चुलतभाऊ कसत होता. याने भांडण केलं नाही. तेवढ्यात कापूस चढला, ओठाची पारख बाजाराला कळली, आणि एका हंगामाचे तीन झाले. आता त्याला त्या दोघींना इकडे आणायचं होतं.

बायकोचं उत्तर मळ्यावरच्या एका मुकादमाच्या हातचं येई. हा मुकादम रत्नागिरीकडचा. त्याला मोडी येत होती. आमची पत्रं तो वाची, तिला तिच्या भाषेत सांगे आणि तिचं म्हणणं मोडीत उतरवून पाठवी. बोटीची वाट पाहण्यासकट जायला चार-पाच महिने, यायला तेवढेच. माझ्याआधी मोरसवाल्याची पत्रं बाजारातले लेखक लिहीत. मजकूर ठरलेला: येथे सर्व मुबलक आहे, चिंता नसावी, निघून यावे. आणि प्रत्येक पत्राला तिकडून एकच प्रश्न परत येई. पोर तुमची भाकरी खाणार नाही. इथे शिजतं ते तिथे शिजतं का?

तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "लिव, मुनशी. शिजते म्हणून लिव."

मुंबईच्या वर्तमानपत्राच्या संपादकांनी मला एक शिस्त लावली होती. पाहिलं असेल तर लिहा. ऐकलं असेल तर कोणाकडून ते लिहा. दोन्ही नसेल तर जागा मोकळी सोडा. मी म्हणालो, "मामा, मी खाल्लेलं नाही. खाल्ल्याशिवाय कसं लिहू?"

त्याने विचारलं, "माह्या चुलीवरचं खाशीन तू?"

"खाईन."

"घरी समजलं तर?"

"विचारलं तर सांगेन."

आमच्या घरी मासे चालत. समुद्र ओलांडून आलेल्याच्या चुलीवरचं चालत नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्याच्या ओसरीवर बसून जेवलो. दुसऱ्या घासाला कानशिलं तापली, तिसऱ्याला उचकी लागली, आणि ती दिवस कलेपर्यंत थांबली नाही. तो समोर येरझाऱ्या घालत होता.

"जमलं?"

"काय जमलं?"

"तिकडच्यासारखं झालं काय?"

"मामा, मी तिकडचं खाल्लेलं नाही."

"मंग तू कायचा मुनशी बापा!" तो म्हणाला. "भाताच्या गोळ्यानं उचकी थांबते. घे."

मी त्या पत्रात दोनच गोष्टी लिहिल्या. मी स्वतः जेवलो, आणि ते फार तिखट होतं. त्याने खाली एक प्रश्न घालायला लावला: मिरच्या किती घालायच्या?

पत्र गेल्यावर त्याचं एक वेगळं काम सुरू होई. पत्र आता कुठे असेल ते तो सांगत राही. कापसात हात खुपसलेला असताना मध्येच म्हणे, "मुंबईले पोचलं." आठ दिवसांनी, "बोटीवर चढलं." मग कित्येक दिवस, "पाण्यावर हाय." गाडीवाले शेतकरी आपापल्या कापसाचा निकाल ऐकायला उभे असत. त्यांना वाटे की तो कापसाबद्दलच बोलतो आहे. एकजण भडकला होता, "पाण्यावर कावून म्हणता जी? घरचा कापूस हाय, थेंब नाई मारला!"

उत्तर दसऱ्याच्या सुमाराला आलं. मुकादमाच्या तीन ओळी होत्या. पहिली: मिरच्या किती ते विचारलंत, बाई विचारते, माणसं किती. दुसरी: मुलीला इथल्या एका घरून मागणी आली आहे. तिसरी: पुढची ऊसतोड सुरू होण्याआधी बाई त्यांना होय किंवा नाही सांगणार आहे, मुलीचं इथे ठरलं तर बाईही इथेच राहील.

त्याने मला पत्र दोनदा वाचायला लावलं. मी पुढच्या पत्राचा कागद काढला.

"लिव, माणूस एक." मी लेखणी बुडवली. "नाई, थांब. तू बी खातो. दोन लिव." मग तो ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन आला. "त्या आल्यावर चार होतीन. चार लिव." पुन्हा गेला, पुन्हा आला. "एक लिवलं तर म्हणन, एकटा सुखी हाय. चार लिवलं तर म्हणन, मी यायच्या आधीच यानं मोजून टाकलं."

"मग काय लिहू?"

"काहीच नोको लिवू. आधी नारळ पायजे."

कारण तोवर तो वाळल्या खोबऱ्यावरच भागवत होता. अमरावतीला देवापुढे फोडायचे नारळ येत, पण मुंबईहून गाड्यांतून येईपर्यंत त्यांतलं पाणी आटलेलं असे. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत नारळाच्या गाड्याच्या गाड्या उतरतात, त्यात एखादा ताजा सापडेल, असं त्याला कोणी सांगितलं. आम्ही भाड्याची दोन बैलांची दमणी करून गेलो.

तिथे नारळ विकणारी एक बाई होती. तिच्यासमोर बसून तो एकेक नारळ कानाशी धरून हलवू लागला. विसेक नारळ झाले. बाई पाहत होती.

"काय वाजवून पायता बापा? नारळ हाय का ढोलकं?"

"पाणी ऐकून राहिलो."

"देवाले पाणी कोन मोजून देते? फोडला का झालं."

"देवाले नाई, बाई. माशाले पायजे."

तिने हातातला नारळ खाली ठेवला. "मायबाई! देवाच्या जत्रेत येऊन माशाले नारळ? उठ इथून! पहिले उठ!" शेजारची दोन दुकानं वळून पाहू लागली. कोणीतरी विचारलं, हा कोणाचा, कुठचा? मी 'अमरावतीचे पारखी' असं म्हणालो. ते चुकीचं नव्हतं.

"हे पाय माय," तो म्हणाला, "देवाले बी एक घेतो. तो तूच काढून दे, मी हात लावत नाई. बाकीचे तीन माह्या कानानं."

तिने न बघता एक नारळ उचलून त्याच्यापुढे सरकवला. तो त्याने देवळात फोडला. भरपूर पाणी निघालं. खोबरं पांढरंशुभ्र, ओलं. मग वर्धेच्या काठावर बसून त्याने स्वतः पारखलेले तीन फोडले. एक कुजका होता आणि दोन आतून वाळलेले.

देवाच्या नारळाचं अर्धं भकल त्याच्या हातात प्रसाद म्हणून होतं. शेजारच्या टोपलीत भोयाकडून घेतलेला मासा होता. तो बराच वेळ दोन्हीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने त्या भकलाचे दोन तुकडे केले, एक मला दिला आणि दुसरा स्वतः काठाने चालत चालत तसाच खाल्ला.

"माह्याहून देव मोठा पारखी निंगाला," तो म्हणाला.

त्या रविवारी मासा पुन्हा वाळल्या खोबऱ्यात शिजला. मी जेवलो आणि पत्र लिहिलं. तो सांगत होता ते सगळं लिहिलं. त्याच्याखाली मी पाहिलेलं लिहिलं. नंतर वाचून दाखवलं: ओला नारळ मिळत नाही, खोबरं वाळलेलं आहे. मासा नदीचा आहे, त्याला चिखलाचा वास येतो. लाल फळ नाही, त्याऐवजी अंबाडी घालतात. मिरची चांगली आली आहे. चूल पाच ठिकाणी मांडून झाली. हे उभ्याने जेवतात.

तो थांबला. "हे काहून लिवलं? मी सांगतलं नाई."

"तुम्ही सांगितलं नाही. पण तसं आहे."

"आहे म्हणून लिवायचं? पोरीचं तिकडं ठरून राहिलं, मुनशी! हे वाचलं तर ती येईन काय? काढ ते. चिखल काढ. उभ्यानं जेवते ते काढ."

"मग दुसऱ्याकडून लिहून घ्या, मामा. 'सर्व मुबलक आहे' असं लिहिणारे बाजारात पुष्कळ आहेत."

तो चुलीकडे गेला, भांड्यावरचं झाकण काढून पाहिलं, परत ठेवलं. पिंपळापर्यंत जाऊन आला. मी लेखणी धरून बसलो होतो. पत्राला मुंबईत बोट गाठायची तर दुसऱ्या दिवशी सकाळीच डाकेत पडायला हवं होतं.

"वाच पुन्हा," तो म्हणाला.

मी वाचलं.

"धाड तसंच. तिले इथून वास जाते. खोटं शिजवलं तर तिले समजते." थोड्या वेळाने म्हणाला, "तीन सालापासून तेच तर समजून राहिलं तिले."

माणसं किती, हा प्रश्न त्या पत्रात रिकामाच राहिला.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि कापूस एकदम उतरला. बाजारात लोक घोळक्या-घोळक्याने उभे असत. मी त्याला सांगायला गेलो.

"मामा, लढाई संपली."

"कोणती?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "आपलं पत्र आता मुकादमाच्या हाती असंन."

पावसाळ्यात तो झोपत नसे, असं शेजारी सांगत. मी ते पाहिलेलं नाही. दिवसा तो मुंबईकडच्या रस्त्याने डाकेच्या वाटेवर पुढे जाऊन उभा राही, एवढं मी पाहिलं. एकदा त्याने एका चांगल्या कोरड्या कापसाला ओला ठरवलं. शेठ ओरडले. त्याने तोच कापूस पुन्हा ओठाला लावला आणि म्हणाला, "कापूस कोरडा हाय. ओठ ओला होता." त्या पेढीवर त्याची एवढी एकच चूक मला माहीत आहे.

भाद्रपदात उत्तर आलं. मी बाजारातच उभ्याने फोडलं. मुकादमाचं अक्षर. वाळलं खोबरं ऊन पाण्यात भिजवून मग वाटावं. मासा चिंचेच्या पाण्यात धुवावा, वास जातो. अंबाडी म्हणजे काय ते बाईला समजलं नाही, पण चालेल. मागणीवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. दोघी कार्तिकात निघणाऱ्या बोटीने येतात. आता चूल हलवू नये.

 त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, त्याला वाचता येत नव्हतं तरी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे शेवटचं काय लिवलं?"

"चूल हलवू नका."

"हौ," तो म्हणाला.

दिवाळीनंतर तो गेला. जाताना त्याने मिरचीच्या रोपांना पाणी घालायचं काम मला दिलं. मार्गशीर्षात पेढी बंद झाली आणि वर्तमानपत्राने मला कायमचा बातमीदार म्हणून अकोल्याला बसवलं. तेव्हा मी ते काम बागवान चाचांकडे सोपवलं. अकोल्यात मी स्टेशनाजवळ खोली घेतली होती. मुंबईच्या गाडीने उतरणाऱ्यांना मी त्याच्याबद्दल विचारत असे. एका गाडीवानाने सांगितलं की तो धक्क्यावर दिसला, दाढी वाढलेली, येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करत होता. एका दलालाने सांगितलं की बेटावर साथ आहे आणि तिकडच्या बोटी बंदरात घेतच नाहीत. तिसऱ्याने सांगितलं की कंटाळून तो स्वतःच बोटीवर चढला आणि परत बेटावर गेला. साथीची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांतही आली होती. बाकीचं प्रत्येकी एकाने सांगितलेलं होतं. मी त्यातलं काहीही कुठे लिहिलं नाही.

फाल्गुनात चाचांचा निरोप एका गार्डाकरवी आला. गुडघ्यामुळे त्यांना परकोटाबाहेर जाणं होत नव्हतं. पाणी घालायला त्यांचा गडी जाई. गड्याने सांगितलं होतं की झाडांवरच्या मिरच्या खुडल्या गेल्या आहेत आणि घरातून धूर येतो. आत कोण आहे ते त्याने पाहिलं नव्हतं.

मी रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून चालत गेलो. अंगण सारवलेलं होतं. चूल सहाव्या ठिकाणी होती, पिंपळाच्या आणि ओसरीच्या मध्ये, पश्चिमेकडे तोंड करून. एक बाई रुंद, सपाट काळ्या दगडावर काहीतरी वाटत होती. तसला दगड आपल्याकडे मिळत नाही. शेजारी एक मुलगी अंबाडीची बोंडं सोलत होती. मोरसवाला ओसरीवर मांडी घालून बसला होता.

"आला काय, मुनशी," तो म्हणाला. उठला नाही. "साथीपायी बोट दोन महिने बंदराबाहेर अडकवून ठेवली होती. बस."

मी बसलो. बाईने वर पाहिलं आणि त्याला काहीतरी विचारलं. मला ती भाषा समजली नाही. मुलगी हसली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारून राहिली," तो म्हणाला, "माणसं किती."

त्याने चार बोटं दाखवली. बाई उठली, झाडाशी गेली, मिरच्या खुडून पदरात घेतल्या आणि परत येऊन एकेक करून दगडावर ठेवल्या. मी मोजल्या. अकरा होत्या.